संध्याकाळी साडेसातची खोली

यंदाच्या अंकाचा विषय 'सोबत' असल्याचं संपादकांनी कळवलं. मैत्री, सहजीवन, म्हातारपण असं बरंच काही डोळ्यांपुढं येऊन गेलं. मनात राहिला तो मात्र एका समुपदेशकाने पूर्वी बोलता बोलता विचारलेला प्रश्न. व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो, तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्याच्या सोबत कोण असतं?

केंद्रात दिवस आखलेला असतो. उठायचं कधी, जेवायचं कधी, बोलायचं कुणाशी, सगळं ठरलेलं. घरी आल्यावर सकाळ निभते, दुपारही निभते. सात वाजायला आले की घसा कोरडा पडतो. नाक्यावरचं दुकान उघडं असतं, रोजची मंडळी तिथंच उभी असतात, आणि वर्षानुवर्षं त्या वाटेने गेलेले पाय तिकडेच ओढ घेतात. दुकानाचा पत्ता घरादाराला ठाऊक असतो. दारू सोडलेली माणसं त्याच वेळी कुठं जमतात, ते मात्र घरात कुणालाच माहीत नसतं.

दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूने झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. उरलेले ३७ जण कुठं अडकतात, ते बघायला मी पुण्यात फिरले.

पत्ता सांगणारा कुणी नाही

सुरुवात औषधांच्या दुकानांपासून केली, कारण घरातली बाई बहुतेक वेळा तिथंच पहिल्यांदा विचारते. दारू सोडवायला काही मिळतं का, असं ती दबक्या आवाजात विचारते. दुकानदार गोळ्यांची नावं सांगू शकले, गटाचा पत्ता कुणालाच सांगता आला नाही. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी एका केंद्राचं नाव दिलं. सोसायटीच्या वॉचमनने एका बाबांचा पत्ता दिला. भिंतींवर, विजेच्या खांबांवर 'न सांगता दारू सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली होती, त्यांवर मोबाइल नंबर ठळक छापलेले होते. जे विकायचं असतं त्याचा पत्ता सहज सापडतो.

शेवटी उत्तर मिळालं ते एका रिक्षावाल्या काकांकडून. विषय निघाल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ताई, अमक्या शाळेत जा. साडेसातला. खालच्या मजल्यावर शेवटचा वर्ग." मग आरशात बघत म्हणाले, "मी जातो तिथं."

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळे ज्याला 'ए.ए.' म्हणतात ती संघटना, हा पत्ता मोठ्या फलकावर लावत नाही. तसं न करण्याची तिची परंपरा आहे. जाहिरातबाजी करायची नाही, आपल्याकडं बघून कुणाला यावंसं वाटलं तर त्याने यावं. वर्तमानपत्रात, रेडिओवर सदस्याने आपलं पूर्ण नाव सांगायचं नाही. या नियमामुळं येणाऱ्याला अब्रूची भीती राहत नाही, आणि कुणी एक जण गटाचा चेहरा बनून मिरवत नाही. पण त्याची किंमतही आहे. ज्याला गट हवा त्याला तो दिसतच नाही. मग पत्ता कळतो तो आधीच तिथं जाणाऱ्याकडून, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातून, व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाकडून, किंवा ए.ए.च्या शहरातल्या मदत क्रमांकावरून. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ ही आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६. दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.

वर्गाच्या आत

ए.ए.च्या बैठका दोन प्रकारच्या असतात. एक फक्त मद्यपींसाठी, दुसरी खुली, जिथं घरचे, डॉक्टर, माझ्यासारखे बाहेरचे बसू शकतात. मी खुल्या बैठकीला गेले. गट आणि माणसं ओळखू येतील असं काही इथं लिहीत नाही. त्या विश्वासावरच मला आत बसू दिलं.

शाळेचा वर्ग. फळ्यावर दुपारच्या गणिताचं अर्धं पुसलेलं उदाहरण. बाकांवर माणसं जरा अवघडून बसलेली, कारण बाकं सातवीच्या मुलांच्या मापाची. भिंतीवर 'फक्त आजचा दिवस' असं लिहिलेला कापडी फलक, बैठकीपुरता टांगलेला. एका टेबलावर पुस्तिका, थर्मासमध्ये चहा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मार्केट यार्डात हमाली करणारा एक जण, आयटीतला एक तरुण, एक डॉक्टर. आपापल्या आयुष्यात हे चौघं एका बाकावर बसण्याची शक्यता फारच कमी.

ज्याच्याकडं त्या दिवशी बैठक चालवण्याचं काम होतं, त्याने प्रार्थनेने सुरुवात केली आणि मग एकेकाला बोलावलं. प्रत्येक जण आपलं पहिलं नाव सांगून म्हणतो, मी मद्यपी आहे. सगळे त्याला नावाने नमस्कार करतात. मग तो बोलतो. काय प्यायचो हे कमी, पिण्यापायी काय झालं ते जास्त. मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे. सख्ख्या भावाच्या लग्नात घातलेला गोंधळ. सकाळी हात थरथरायचे म्हणून ब्रशच्या आधी लागणारी नाइन्टी. आणि मग, आज काय झालं. आज साहेब ओरडले, पाय दुकानाकडं निघाले होते, याला फोन केला आणि इकडं आलो.

मधे कुणी बोलत नाही. सल्ला देत नाही, 'असं कसं केलंस' म्हणत नाही. मला सगळ्यांत जास्त भिडलं ते हे ऐकणं. मद्यपी माणसाला घरीदारी वर्षानुवर्षं उपदेश मिळालेला असतो. आपलं पुरतं बोलणं ऐकून घेणारं कुणी त्याला फार काळ भेटलेलं नसतं.

कोपऱ्यात एक नवा मुलगा बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मान हलवली. कुणी आग्रह केला नाही. बैठक संपल्यावर तिघं त्याच्याभोवती जमले, चहा दिला, एका कागदावर आपले मोबाइल नंबर लिहून दिले आणि सांगितलं, प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी कर, प्यायल्यावर नको.

मधेच एक पिशवी फिरली. कुणी दहा टाकले, कुणी वीस. मी पर्स उघडली तर शेजारच्या काकांनी हात आडवा केला. "तुमचे घेता येत नाहीत, ताई. आमचा खर्च आम्हीच करायचा." वर्गाचं भाडं, चहा, पुस्तिका, सगळं त्या पिशवीतून. बाहेरची देणगी नाही, सरकारी अनुदान नाही, कंपनीचा निधी नाही. सदस्यत्वाची फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

फोनच्या यादीतून सापडलेला माणूस

या सगळ्याची सुरुवात एका शोधातूनच झाली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. काही महिन्यांपूर्वी दारू सुटलेली. मे १९३५ मध्ये तो अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात कामाला गेला आणि ते काम फसलं. परक्या गावात, हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता. एका बाजूला बार, आतून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला फोन आणि गावातल्या चर्चची यादी. आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी बोललो नाही तर आज पिणार, हे त्याला कळलं. त्याने यादीतून फोन लावायला सुरुवात केली, आणि एकातून दुसऱ्याकडं जात तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोचला. डॉक्टरही गळ्यापर्यंत बुडालेले. पंधरा मिनिटंच बसेन म्हणून आलेले डॉ. बॉब तासन् तास बोलत राहिले. त्यांनी शेवटचा घोट घेतला त्या १० जून १९३५ या दिवसापासून ए.ए.चा जन्म मोजतात.

त्या खोलीत उपदेशक कुणीच नव्हतं. बिल डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. आजही गटाचा पाया हाच आहे. जुना सदस्य नव्याला मदत करतो, कारण त्याचीही त्या दिवसाची दारू त्यामुळंच टळते. म्हणून नवा माणूस आला की गटात खरा आनंद होतो. आपण ओझं होऊ, या भीतीने जो दाराशी घुटमळतो, त्याला हे कुणी तरी सांगायला हवं.

१९५० च्या दशकात ए.ए. भारतात आलं. मुंबईत चर्चचे हॉल आणि शाळांचे वर्ग इथं गट भरू लागले, आणि आज मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत भरतात. १९८१ मध्ये वांद्र्यात फादर जोसेफ परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले, आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी योगाची जोड दिली.

पस्तीस दिवसांनंतर

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण आठवतंच. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढं केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी उपचाराची बाजू उचलली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच रुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. गर्दसाठी उघडलेल्या त्या दारातून पुढं दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढं धुरा घेतली. इथले बरेचसे कार्यकर्ते एके काळी इथंच रुग्ण म्हणून आलेले. नव्याची थरथर त्यांनी स्वतः भोगलेली असते.

इथला निवासी उपचार साधारण पस्तीस दिवसांचा. पण या क्षेत्रातला कुणीही जाणता माणूस पस्तीस दिवसांत व्यसन गेलं असं म्हणणार नाही. त्या काळात शरीरातली दारू उतरते, डोकं ताळ्यावर येतं, आपल्याला आजार आहे हे पटू लागतं. खरी परीक्षा घरी गेल्यावर. म्हणून घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याचे गट गावोगावी चालवले जातात. केंद्र निवडताना खोल्या कशा, जेवण कसं, हे सगळे विचारतात. आमच्या गावाजवळ तुमचा गट कुठं भरतो आणि कधी, हा प्रश्न फार थोडे विचारतात. तो पहिला विचारायला हवा.

केंद्राबद्दल आणखी एक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे. जिथं मारहाण होते, कोंडून ठेवतात, तिथून माणूस सूड घेण्याच्या भावनेने बाहेर येतो, आणि तो सूड आधी स्वतःवरच उगवतो.

गटाच्या आधी डॉक्टर

गटाबद्दल कितीही जिव्हाळा वाटला तरी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस दिवसवेळ विसरतो. ही आणीबाणीची अवस्था असते, रुग्णालयातच सांभाळायची. डॉक्टर योग्य मात्रेत शामक औषध देऊन ती हळूहळू उतरवतात, आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. ते न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे जेवणातून गुपचूप दिलेली गोळी. डायसल्फिराम या औषधावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडतं. भाजीत कालवून दिलं तर जीव जाऊ शकतो. खांबांवरच्या त्या पत्रकांना म्हणूनच भुलू नये. घरातल्या बाईवर ही वेळ येते, कारण तिला दुसरा पत्ता कुणी दिलेला नसतो.

तिचा शोध

या फिरण्यात जवळजवळ प्रत्येक वेळी पहिला प्रश्न विचारणारी बाई भेटली. बायको, आई, कधी मुलगी. नवरा अजून कबूलच करत नाही की त्याला काही झालंय. ती मात्र कधीची शोधतेय.

तिच्यासाठीही खोली आहे, हे तिला क्वचितच कुणी सांगतं. मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे गट १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, बिलची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. नवरा पितो तो माझ्यामुळं नाही, त्याचं पिणं मी थांबवू शकत नाही, तो आजार मी बरा करू शकत नाही, इथून तिथल्या बोलण्याची सुरुवात होते.

अशा गटात जाणाऱ्या एक ताई मला म्हणाल्या, "आधी मी त्याच्या ऑफिसात फोन करून खोटं सांगायचे, ताप आलाय म्हणून. उधारी फेडायचे. बाटल्या शोधून मोरीत ओतायचे. गटात आल्यावर कळलं की त्याचं सगळं मीच निस्तरत होते, म्हणून त्याला निस्तरायची वेळच येत नव्हती." त्यांचा नवरा त्यांच्यानंतर दीड वर्षाने बैठकीला गेला. नवरा तयार होईपर्यंत बाईने थांबायचं कारण नाही, एवढं त्यांच्याकडं बघून पटतं.

आणि जी स्वतः पिते तिचं काय? तिच्यासाठी दार दुप्पट जड असतं. पुरुषाला 'बिचारा, नादी लागला' असं म्हणणारे तिला वाईट चालीची ठरवतात. मुक्तांगणने बायकांसाठी 'निशिगंध' हे वेगळं केंद्र काढलं ते यासाठीच. पुरुषांनी भरलेल्या वर्गात एकटीला बसवत नसेल तर बायकांच्या बैठकीची चौकशी करावी. जवळ नसेल तर ऑनलाइन बैठका आहेत. २०२० च्या टाळेबंदीत त्या वाढल्या आणि पुढंही चालू राहिल्या. गाव लहान असेल, सगळे ओळखत असतील, किंवा कुणी नोकरीसाठी आखातात असेल, तर त्यांनाही याच बैठकांचा आधार आहे.

आपला गट कसा ओळखावा

एका बैठकीवरून ठरवू नये, असं जुने सदस्य सांगतात. निदान चार-सहा वेळा जावं, जमलं तर वेगवेगळ्या गटांत. एका गटात वयस्कर मंडळी जास्त, दुसऱ्यात तरुण. कुठं ग्रांथिक मराठी, कुठं थेट वस्तीतली. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, त्याने काही जण बिचकतात. पण तो परमेश्वर कसा मानायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं आहे, आणि गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानणारे नास्तिकही तिथं भेटतात. तरी पटलं नाही तर समुपदेशकांनी चालवलेले, केंद्रांशी जोडलेले गट आहेत. ज्या वेळेला प्यावंसं वाटतं त्या वेळेला भरतो आणि घरापासून सहज पोचता येतो, तो गट आपला. दोन बस बदलून जावं लागतं तो गट कितीही चांगला असला तरी पावसाळ्यात सुटतो.

याचा उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांसाठी पुरावा आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. ए.ए.शी नीट जोडून देणारे उपचार घेतलेल्यांत पूर्णपणे दारूमुक्त राहण्याचं प्रमाण इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा जास्त आढळलं. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते 'जोडून देणं'. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ए.ए.ला जा' असं लिहिणं वेगळं, आणि गटातल्या कुणाला समोरच फोन लावून 'आज संध्याकाळी याला घेऊन जा' असं सांगणं वेगळं. माणूस पोचतो तो दुसऱ्या तऱ्हेने.

दुकान बंद झाल्यावरही

महाराष्ट्रात दारूविरुद्धची मोठी लढाई बायकांनी लढली, ती दुकानं बंद करण्यासाठी. मतदानात आडवी बाटली निवडून कित्येक गावांनी दुकान हटवलं. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. या लढायांचं मोल मोठं आहे. पण दुकान हटलं तरी ज्याच्या शरीराला दारू लागलेली आहे तो चोरट्या दारूकडं वळतो. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ अभियानाने हे ओळखलं. गावांचं संघटन आणि अंमलबजावणीच्या बरोबरीने त्यांनी रुग्णांसाठी उपचाराची सोय गावापर्यंत नेली. बंदी आणि उपचार हे एकमेकांचे पर्याय नाहीत, दोन्ही लागतात. आणि उपचारानंतर गट लागतोच.

गटांना आपल्याकडून पैसे नको आहेत. त्यांना हवी आहे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी दीड तास मिळणारी, कायमची ठरलेली खोली. शाळेचा वर्ग, वाचनालयाचा हॉल, समाजमंदिर, सोसायटीचं क्लब हाउस. 'दारुडे येतात' म्हणून ती नाकारली जाते, हे मी एकाहून अधिक गटांत ऐकलं. तिथं येणारा माणूस त्या संध्याकाळी न प्यायलेला असतो किंवा न पिण्याची धडपड करत असतो. तुमच्या हातात अशी खोली असेल तर ती द्या. ते भाडं वेळेवर देतील आणि जाताना बाकं जागेवर लावून जातील.

खोली नसेल तर एवढं करा. आपल्या भागात गट कुठं, कुठल्या वारी, किती वाजता भरतो ते विचारून घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. कधी ना कधी एखादी शेजारीण, एखादा सहकारी दबक्या आवाजात विचारेल. तेव्हा 'चौकशी करून सांगते' म्हणायची वेळ येऊ देऊ नका. पत्ता सांगा, आणि जमलं तर दारापर्यंत सोबत जा.